आजोबा आबांकडे, किटली तात्यांकडे

आबा चहा उन्हात बसून प्यायचे. गोदामाच्या पत्र्यापासून चांगली लांब, जिथे कसलीही सावली पडत नाही अशी जागा शोधून तिथे त्यांची लोखंडी खुर्ची मांडलेली असायची. एप्रिल महिन्यात त्या खुर्चीला नुसतं बोट लागलं तरी चटका बसायचा. आबा तिच्यावर रिकामं पोतं टाकायचे, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, भिजवून दिलेला टॉवेल डोक्याला गुंडाळायचे आणि बशीत चहा ओतून त्यावर फुंकर मारत बसायचे. मागे एवढं मोठं गोदाम, आत पंखे, ऑफिसात कूलर. नवा ट्रकवाला आला की हळूच आम्हा बायकांना विचारायचा, मालकांना बरं नसतं का?

आबांचं डोकं शाबूत होतं. त्यांनी फक्त भंडारा उचलला होता.

हे सांगायचं तर कंपनीपासून सांगायला पाहिजे. आमच्या बारामतीकडे चहा काही पिकत नाही. तो लांबून पोत्यांतून यायचा, आम्ही तो चाळायचो, पुड्यांत भरायचो आणि पुडे गाडीतून गावोगावच्या दुकानांत जायचे. मी लग्न होऊन कऱ्हाटीहून आले त्याच वर्षी तिथे कामाला लागले. माझ्याकडे पुड्यांची तोंडं मशीनवर बंद करायचं काम होतं. दिवसभरात हात असे तांबडे व्हायचे की सासूबाई म्हणायच्या, हिला मेंदीचा खर्च नाही. मला ते काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. मी लहानपणापासून अशीच. दुकानात गेले तर दुकानदारानं विचारेपर्यंत उभी राहायची, आणि नाही विचारलं तर परत यायची. आबांनी मला पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, बडबडी. "काय बडबडे, आज किती बोललीस?" असं रोज विचारायचे. मी मान खाली घालायची. ते म्हणायचे, "बास बास, कान दुखाय लागलं."

माझं मशीन ऑफिसच्या भिंतीला लागून होतं, म्हणून कंपनीचा इतिहास मला रोज ऐकू यायचा. आबा तो सगळ्यांना सांगायचे. लाइटचं मीटर बघायला आलेल्याला सांगायचे, बँकेतल्या साहेबांना सांगायचे, एकदा तर पत्ता चुकून आलेल्या माणसाला त्यांनी पूर्ण इतिहास सांगितला आणि पत्ता सांगायचा राहिला. इतिहास असा की त्यांचे आजोबा पत्र्याची एक पेटी आणि पितळी किटली घेऊन या भागात आले. कशावर बसून आले ते मात्र दर वेळी बदलायचं. कधी सायकलवर, कधी घोड्यावर. बँकेच्या साहेबांसाठी ते मोटारीतून आले होते. पावसाळ्यात सांगितलं तर बहुतेक होडीतून यायचे. एकदा काकी मधेच म्हणाल्या, "चालत आलं व्हतं की वो तुमचं आजोबा." आबा म्हणाले, "चालतच आलं. पण चालत आलेल्याचा इतिहास कोण ऐकतंय?"

त्या वेळी इकडे चहा कुणी पीत नव्हतं. तो उष्ण पडतो, त्यानं माणूस काळा होतो, असं लोक म्हणायचे. आजोबांनी बाजारात चूल मांडली आणि फुकट पाजायला सुरुवात केली. पहिला कप एका मेंढपाळानं घेतला. त्याला रात्रभर झोप आली नाही. सकाळी तो चार भावांना काठ्या देऊन घेऊन आला. आजोबांनी काठ्या बघितल्या आणि काही न बोलता पाच कप भरले. दुसऱ्या रात्री पाचही जण जागे राहिले, आणि त्याच रात्री मेंढरांच्या वाड्यावर लांडगा आला तेव्हा पाच माणसं काठ्या घेऊन उभी होती. तेव्हापासून मेंढपाळ आपलं गिऱ्हाईक, असं आबा म्हणायचे. लांडगा कधी एक असायचा, कधी टोळी असायची. पण दोन गोष्टी कधी बदलल्या नाहीत. एक म्हणजे किटली. दुसरी म्हणजे तो पहिला कप बारामतीच्या बाजारात ओतला गेला.

आणि सगळं बिनसलं ते याच दुसऱ्या गोष्टीवरून.

आबांना एक धाकटा भाऊ होता. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. आधी दोघं मिळून कंपनी चालवायचे. आबा बारामतीत बसायचे, तात्या इंदापूरला. पुड्यावर चित्र होतं, फेटा बांधलेले आजोबा हात लांब करून उभे आहेत, हातात किटली आहे आणि किटलीतून वाफ निघते आहे. एकदा नवीन पुडे छापायचे होते, तेव्हा चित्राखाली गाव घालावं असं ठरलं. आबांनी छापायला दिलं, पहिला कप बारामती. तात्यांनी ते खोडून लिहिलं, पहिला कप इंदापूर. तात्यांचं म्हणणं, मेंढपाळ इंदापूरच्या बाजारातला होता. आबांचं म्हणणं, मेंढपाळ कुठलाही असू दे, कप बारामतीत होता. पाहिलेलं दोघांनीही नव्हतं. बोलणं वाढत गेलं आणि शेवटी वाटणीपर्यंत आलं.

वाटणीला पंच बसले तेव्हा मी नुकतीच कामाला लागले होते. आम्ही बायका दारातून बघत होतो. पंच म्हातारे होते आणि त्यांचा एकच नियम होता, सगळं निम्मं. गोदामं दोन होती, ती सोपी गेली. मग आजोबांचा फोटो आणि त्यांची खरी पितळी किटली पुढे आली. फोटो थोरल्याला, किटली धाकट्याला. मग कुणीतरी म्हणालं, पुड्यावरच्या चित्राचं काय? पंचांनी विचार केला. ज्याच्याकडे फोटो त्याचे आजोबा, ज्याच्याकडे किटली त्याची किटली. त्यांनी कात्री मागवली आणि एका पुड्यावरचं चित्र मधोमध कापून एकेक तुकडा दोघांच्या हातात दिला.

तेव्हापासून आबांच्या पुड्यावर नुसते आजोबा आले. हात लांब केलेला, हातात काही नाही. नवीन माणसाला वाटायचं, आजोबा काहीतरी मागताहेत. तात्यांच्या पुड्यावर नुसती किटली आली, हवेत तरंगणारी, वाकडी होऊन कुणाच्यातरी कपात ओतणारी.

पंच तिथेही थांबले नाहीत. आजोबांच्या चहात दोन जाती मिसळलेल्या असायच्या. एक बारीक भुकटी, तिनं रंग यायचा. दुसरी लांब पत्ती, तिनं वास यायचा. दोन जाती, दोन भाऊ. रंग थोरल्याला, वास धाकट्याला. आणि उद्या कुणी दुसऱ्याचा वाटा गुपचूप विकू नये म्हणून दोघांना खंडोबाच्या देवळात नेलं आणि भंडारा उचलायला लावला. हातात हळद घेऊन दोघांनी शपथ घेतली, भावाचा वाटा माझ्या छपराखाली आणणार न्हाय. आमच्याकडे भंडारा उचलून बोललेलं मोडत नाहीत. मोडलं तर काय होतं ते कुणाला माहीत नाही, कारण मोडलेलं कुणी बघितलं नाही.

पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकांनी फार शिव्या दिल्या. आबांचा चहा डांबरासारखा काळा, पण नाकाला काही कळायचं नाही. तात्यांच्या चहाला देवघरासारखा वास, पण दिसायला तांदूळ धुतलेलं पाणी. मग लोकांनीच उपाय काढला. माझी बहीण बावड्याला दिली आहे. ती म्हणाली, आता आम्ही दोन्ही पुडे आणतो आणि एका डब्यात ओततो. सगळा बावडा तसंच करतो. त्यामुळे दोन्ही कंपन्या बुडाल्या नाहीत. एकाचा पुडा संपला की दुसऱ्याचाही संपायचा. पण हे आबांसमोर बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

खरी पंचाईत आबांचीच झाली. त्यांना स्वतःच्या कंपनीचा चहा पिववेना. काकी सांगायच्या, कपात बघत बसतात आणि तसाच ठेवून देतात. आठ-दहा दिवस त्यांनी दूध पिऊन काढले, चेहरा अगदी उतरला. मग एका सकाळी ते खुशीत ऑफिसातून बाहेर आले आणि अंगणात मधोमध उभं राहून वर बघायला लागले. वर नुसतं आभाळ होतं. त्यांनी मला हाक मारली. "बडबडे, हितं चूल मांड."

शपथ छपराची होती, अंगणाची नव्हती.

अशी ती खुर्ची अंगणात आली. तीन दगडांवर चहा मी करायची, आबांची भुकटी आणि तात्यांची पत्ती घालून. तात्यांचा पुडा एका डब्यात घालून कुंपणाच्या खांबाला टांगून ठेवायचा. मी एकदा धीर करून विचारलं, डब्याला झाकण आहे, ते चालेल का? आबांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, "झाकण डब्याचं हाय. माझं न्हाय." छत्रीचा प्रश्न मात्र त्यांना एकट्याला सुटेना. ते देवळात जाऊन गुरवबाबांना विचारून आले. गुरवबाबांनी दोन दिवस मागून घेतले आणि निकाल दिला, दांड्यावर उभं राहतं ते छप्पर, म्हणून छत्री चालणार नाही. टॉवेल डोक्याला चिकटलेला असतो, तो फेट्यात मोडतो, म्हणून तो चालेल. पावसाळ्यात आबा तसेच बसायचे. बशीत पाऊस पडायचा आणि ते पीत राहायचे. बशी काही संपायची नाही. म्हणायचे, "देव भरतोय, मी पितोय."

तात्यांचा पुडा बारामतीतल्या दुकानातून आणायची सोय नव्हती, लगेच गावभर झालं असतं. म्हणून दर बाजाराला मला एसटीनं भवानीनगरला पाठवायचे. ते बारामती आणि इंदापूरच्या मधे पडतं, दोन्ही पुडे मिळतात, आणि तिथल्या साखर कारखान्यावरची माणसं आपल्या गडबडीत असतात. मलाच का, असं काकींनी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "हिच्या तोंडातनं गोष्ट बाहेर पडायची तर आधी तोंड उघडाय पाहिजे."

भवानीनगरच्या त्या दुकानात मी बोट दाखवायची आणि पुडा घ्यायची. एकदा माझ्या शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या लुगड्याला चहाच्या पत्तीचा असा वास होता की मी वळून बघितलं. तिनं आमचा पुडा मागितला, आजोबांचा. मग तिची नजर माझ्या तांबड्या हातांवर गेली, हातातल्या किटलीच्या पुड्यावर गेली आणि ती हसायलाच लागली. "आगं बया," म्हणाली, "तुमचंबी तसंच हाय व्हय?"

ती इंदापूरच्या गोदामातली मावशी. तिला बोलायचा कंटाळा अजिबात नव्हता, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. तिनं मला रस्त्याच्या कडेला बसवून सगळं सांगितलं. तात्यांनाही त्यांचा चहा जात नव्हता. तेही तिला आबांचा पुडा आणायला पाठवायचे. पण तात्यांचं घर स्लॅबचं, म्हणून ते गच्चीवर जाऊन प्यायचे. त्यांचं म्हणणं, छपराखाली आणायचा नाही असं ठरलंय, छपरावर आणायला कोण नको म्हणतं?

हे मी आबांना येऊन सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते तोवरचं सर्वांत लांब बोलणं. आपल्याला हे का सुचलं नाही याचं आबांना फार लागलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी मागवली आणि बशी घेऊन गोदामाच्या पत्र्यावर चढले. दुपारची वेळ होती. वर बसता येईना म्हणून ते उकिडवे झाले, पाय भाजायला लागले तसे एका पायावर उभे राहिले, मग दुसऱ्या. आत आम्हाला वाटलं वर माकडं आली आहेत. एकजण काठीनं पत्रा वाजवायला लागली. वरून आवाज आला, "आगं म्या हाय." खाली आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तात्याचं घर चांगलंय. चहा प्यायची अक्कल न्हाय त्याला." पण खुर्ची परत अंगणात आली.

त्यानंतर मी आणि मावशी दुकानात जाणंच बंद केलं. मी आमचा पुडा न्यायची, ती त्यांचा आणायची, भवानीनगरच्या स्टँडवर अदलाबदल व्हायची. ती तात्यांच्या गोष्टी सांगायची, मी ऐकायची. तात्या कुठल्याही दुकानात गेले की तिथले पुडे हलवून ठेवतात, असं ती म्हणाली. किटलीचा पुडा उजवीकडे आणि आजोबांचा डावीकडे. दुकानदारांना वाटतं, आपला पुढे यावा म्हणून करतात. मला नवल वाटलं, कारण आबाही तेच करायचे आणि तसेच ठेवायचे. मग मी एकदा स्वतः एका दुकानात बघितलं. पुडे त्या बाजूंनी ठेवले की आजोबांचा लांब केलेला हात नेमका किटलीच्या कडीला लागतो. हे मी मावशीला सांगितलं नाही. आबांनाही नाही.

अशी किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. माझी मुलं शाळेला लागली, मोठी झाली. मग एका बाजाराला मावशी आली ती गप्प. तिला गप्प बघून मी घाबरले. तिनं पिशवीतून पुडा काढला. त्यावर किटली नव्हती. एक गोरी बाई कप गालाला लावून हसत होती. मावशी म्हणाली, छापखान्यातली नवीन पोरं सांगतात की तरंगती किटली भुताटकीसारखी वाटते. अजून सगळे छापले नाहीत, हा नमुना आहे. तात्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

आबांनी तो पुडा हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. "किटली मागल्या बाजूला गेली व्हय?" म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी परत शोधली. मग आपला एक पुडा आणून त्या बाईशेजारी ठेवला. आजोबांचा हात तिच्या खांद्याकडे गेला. आबांनी चटकन पुडा उचलून घेतला, आजोबांचीच लाज वाटल्यासारखं.

त्या दिवसापासून आबांनी इतिहास सांगणं बंद केलं. कुरिअरवाला आला, सही घेऊन गेला. एक कॉलेजचा मुलगा मुद्दाम विचारायला आला होता, कंपनी कशी सुरू झाली. आबा म्हणाले, "काय न्हाय, चहाची कंपनी हाय." मी मशीन बंद करून ऐकत होते. मला वाटलं हे आता जगत नाहीत. काकी तर रडायलाच लागल्या. भावाला फोन करा म्हणाल्या. फोन करायचा म्हणजे आधी आपण बोलायचं, आणि ते आबांना जमत नव्हतं. शेवटी बाजाराच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. तात्यांना काय निरोप द्यायचा तो पढवायला लागले. आजोबांपासून सुरुवात होती, मधे मेंढपाळ होता, आईचं नाव होतं, चार ठिकाणी शिव्या होत्या. मला सगळं दोनदा म्हणायला लावलं. मी एसटीत खिडकीकडे तोंड करून पाठ करत गेले. शेजारची बाई सरकून बसली.

भवानीनगरला मावशी समोर आली आणि माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "किटली," मी म्हणाले आणि रडले.

मावशीनं तेवढ्यावरून तात्यांना काय सांगितलं ते देव जाणे. पण पुढच्या बाजाराला उत्तर आलं. काय म्हणायचं ते समोर येऊन म्हणा. बारामतीत मी येणार नाही, इंदापूरला तुम्ही येणार नाही. भवानीनगरला या.

त्या दिवशी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि आपला पुडा पिशवीत घेतला. एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही, त्यामुळे प्रवास चांगला झाला. स्टँडसमोर एक चहाचं हॉटेल आहे. त्याच्या बाहेर रस्त्यालगत एक बाकडं, त्याच्यावर सरळ ऊन. त्या बाकड्यावर एक म्हातारा बसला होता, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून. शेजारी मावशी उभी. आबांनी चालता चालता खिशातून आपला टॉवेल काढला, स्टँडच्या नळावर भिजवला, गुंडाळला आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. दोघं समोर रस्त्याकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं तात्या म्हणाले, "ऊन हाय."

आबा म्हणाले, "इंदापूरला जास्त आसंल."

हॉटेलवाला बाहेर आला. दोघांनी आपापले पुडे काढून त्याच्या हातात दिले आणि सांगितलं, दोन्ही मिसळून कर. तो म्हणाला, सगळं गिऱ्हाईक तसंच पितं, मी कायम मिसळूनच ठेवतो. मग त्यांचे टॉवेल बघून म्हणाला, "बाबा, उन्हात कशाला? आत बसा की."

"आत न्हाय चालत," आबा म्हणाले. "छप्पर हाय."

"व्हय," तात्या म्हणाले, "शपथ हाय आमची. आपल्या छपराखाली प्यायचा न्हाय."

हॉटेलवाल्यानं एकदा वर पत्र्याकडे बघितलं आणि एकदा त्यांच्याकडे. "पण ह्ये छप्पर माझं हाय," तो म्हणाला.

दोघं भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं एक अंगणात भाजत होता, एक गच्चीवर. बारामतीत हॉटेलं होती, इंदापुरात होती, पावलापावलाला होती. आबांचं तोंड उघडं राहिलं होतं. तात्यांनी हळूच डोक्यावरचा टॉवेल काढला आणि म्हणाले, "दादा, तुला पत्र्यावर चढताना न्हाय सुचलं?"

म्हणजे मावशीनं तेही सांगितलं होतं.

आबांना आधी राग आला असावा, पण तो वाटेत कुठेतरी हसण्यात गेला. दोघं असे हसले की बाकडं हलायला लागलं. मग आत पंख्याखाली बसून त्यांनी चहा घेतला. मी आणि मावशी दारात उभ्या होतो. दोघांनी बशीत ओतलेल्या चहावर सारखीच फुंकर मारली.

मग किटलीचं निघालं. तात्या म्हणाले, लोक विचारतात ही हवेत कशी राहिली, मी काय सांगू? धरणारा तुझ्याकडं. आबा म्हणाले, मग माझ्याकडचा कुणापुढं हात पसरून उभा राहील? त्या गोऱ्या बाईपुढं? तात्या म्हणाले, हात खाली घेऊन छाप की नवीन. आबा म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात मी कसा खाली घिऊ, तात्या? किटली हाय म्हणून त्यानं हात वर केलाय." त्यावर तात्या बशीत बघत बसले. किटली राहू दे, असं ते म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत.

तेवढ्यात हॉटेलवाला कप उचलायला आला आणि सहज बोलून गेला. तुमच्या आजोबांचं माझा आजा सांगायचा, म्हणाला. पहिला कप त्यांनी इथंच ओतला, भवानीनगरला.

माझ्या देखत दोघं भाऊ एकदम उभे राहिले. आबा म्हणाले, तेव्हा इथं होतं काय? तात्या म्हणाले, नुसती बाभळी होती, कपात ओतून देणार कुणाला, बाभळीला? आबा म्हणाले, मेंढपाळ होता आमचा. तात्या म्हणाले, पाच भाऊ होते, काठ्या होत्या. आबा म्हणाले, लांडगा होता. एक वाक्य आबा सुरू करायचे, तात्या संपवायचे. हॉटेलवाला कप घेऊन मागे मागे जात मोरीपर्यंत गेला. आमचा इतिहास आम्हाला शिकवतो, असं म्हणत दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडले. आबा एसटीत चढले तेव्हा तात्यांनी खालून सांगितलं, "किटली तशीच ऱ्हाईल. त्या बाईला मागल्या बाजूला घालतो."

परतीच्या वाटेवर आबांनी कंडक्टरला कंपनीचा इतिहास सांगितला. आजोबा त्या दिवशी रेल्वेनं आले. पहिला कप बारामतीलाच ओतला गेला. "पण पाणी," आबा म्हणाले, "पाणी इंदापूरचं व्हतं."

त्यानंतर दर बाजाराला दोघं भाऊ भवानीनगरला भेटायचे, हॉटेलवाल्याच्या छपराखाली. मला आणि मावशीला काम उरलं नाही, तरी आम्ही बरोबर जायचो. वाटणी मात्र मोडली नाही. भंडारा उचलायची रीत आहे, परत खाली ठेवायची नाही. आणि एरवी आबा अंगणातच बसायचे. आता उन्हाशिवाय चहा गोड लागत नाही, असं म्हणायचे.

आबा गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, भावकीतली माणसं चहा घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी तात्या इंदापूरहून जीपमधून आले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली ती खरी पितळी किटली होती. मी ती पहिल्यांदा बघितली. चित्रापेक्षा लहान आहे आणि तोटीला पोचा आहे. चहा दोन्ही पुड्यांचा होता, गच्चीवर उकळून आणलेला. गोदामाच्या मागेच आबांचं घर. ओसरीवर माणसं बसली होती. तात्या अंगणात आले आणि आबांच्या खुर्चीपाशी थांबले. सगळे म्हणाले, तात्या, आत या, ऊन लागंल. तात्या हलेनात. काकी दारात आल्या आणि म्हणाल्या, भावजी, आता कसली शपथ, या आत.

तात्या म्हणाले, "वैनी, छप्पर अजून त्याचंच हाय."

मग ओसरीवरची माणसं एकेक करून उठली आणि उन्हात आली. तात्या हात लांब करून एकेकाच्या कपात ओतत होते. कुणी डोक्यावर उपरणं घेतलं, कुणी पदर घेतला. मीही माझा कप घेतला, माझ्याशी कुणी बोललं नाही, ते बरं झालं. काकी आत गेल्या आणि आबांचा फोटो घेऊन आल्या. तो त्यांनी खुर्चीवर पोत्यावर नीट टेकवून ठेवला, तात्यांनी त्याच्यासमोर एक बशी भरली. काकी जरा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग परत आत गेल्या, टॉवेल भिजवून घेऊन आल्या आणि फोटोच्या डोक्यावर टाकला.

ऊन फार होतं.